मधला ताव

१२ जानेवारी, सोमवार

धाकट्या,

थोरल्याचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर दाराबाहेर ठेव.

आज सकाळी अंघोळ करून मी बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि त्याचा मागचा पुठ्ठा सुटून हातात आला. बावीस वर्षांपूर्वी मीच पुठ्ठा घातलेलं, रोज हाताळलेलं पुस्तक, कधीतरी सुटणारच. मी वाचन पुरं केलं, हात जोडले आणि मग पुठ्ठा खिडकीशी नेऊन पाहिला. आतल्या अस्तराचा कोपरा उचलला गेला होता. त्याखालून एका होडीचं टोक दिसत होतं.

बाइंडरला पुठ्ठ्याखाली काय निघेल याचं नवल नसतं. आम्ही कागद वाया घालवत नाही. चुकलेली छपाई, जुन्या नोटिसा, कुणाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, सगळं पुठ्ठ्याला बळकटी म्हणून आत चिकटवतो. लोक वर देवाचं नाव वाचत असतात आणि खाली गोदामाच्या भाड्याची नोटीस असते. पण हा ताव चुकून तिथे गेला नव्हता. खळ लावून तो मीच तिथे चिकटवला होता.

कुठला ताव ते तुला सांगायला नको. पंधरा वर्षं तुला ते ठाऊक आहे, म्हणून तर पंधरा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस. तरी लिहितो, कारण मी ते माझ्या तोंडानं एकदाही कबूल केलेलं नाही. तू विचारलंस तेव्हाही मी खळीचा डबा ढवळत बसलो होतो.

मी पुस्तकं बांधतो त्या ग्रंथालयात ते जाडजूड मासिक यायचं. त्यात ती चाच्यांची जपानी मालिका, उजवीकडून डावीकडे उलटायची. महिना झाला की अंक रद्दीत, म्हणजे माझ्या टेबलावर. मी त्यातून आपल्या मालिकेची पानं काढायचो, सहा महिन्यांची साठली की शिवून तुला खंड बांधून द्यायचो. पुस्तकाचा कणा उजव्या हाताला. बाबा पहिला खंड बघून म्हणाले होते, "अरे, उलटं बांधलंस. असं दार मी बसवलं असतं तर गिऱ्हाइकानं मला चौकटीसकट हाकललं असतं."

त्यात चाच्यांच्या दोन टोळ्या, तुझी काळी शिडं आणि माझे मिठाचे भाऊ. तुझ्याकडे नऊ जहाजं, एकशे दहा तोफा आणि तो एक डोळा झाकलेला कप्तान. माझ्याकडे एक लांब होडी, बेचाळीस माणसं आणि जिभेवर मीठ ठेवून घेतलेली शपथ, की एकालाही मागे टाकून जायचं नाही. आठ-नऊ वर्षं आपण भांडलो. बाबांच्या सुतारकामाच्या बाकावर फुटपट्टी ठेवून तू तोफेचा पल्ला मोजायचास.

"शपथेनं तोफ उडत नाही, दादा."

"बेचाळीस वल्ही एका तालात पडली की तोफ नेम धरेपर्यंत होडी बगलेत असते."

"आणि काळ्या शिडांवर कुणालाही कुठल्याही बंदरात आपला वाटा घेऊन उतरायची मुभा आहे. तरी कुणी उतरत नाही. ज्याला जाता येतं आणि तरी जो थांबतो, तो खरा लढतो. तुझ्या मीठवाल्यांचं काय, बांधलेला बैलही नांगर ओढतो."

बैलाचं ते वाक्य मला लागलं होतं. का ते तुला कळलं नव्हतं.

मग अर्धांगवायूनं बाबांची उजवी बाजू गेली आणि त्याच वर्षी तुझं जहाजबांधणीच्या कारखान्याचं पत्र आलं. वय चोवीसच्या आत, समुद्रापलीकडे, आठ दिवसांत कळवा. तुला ठरवता येईना. तेव्हा तू काय केलंस ते आठव. तेवीस वर्षांचा बाप्या, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणालास, "दादा, या महिन्यात कळेल मिठाचे भाऊ खडकावरच्या म्हाताऱ्याला घेऊन येतात का. आणलं तर मी राहतो. नाही आणलं तर जातो. तू काही सांगू नकोस. तू बांध, मी वाचतो."

अंक आला. त्यांनी म्हाताऱ्याला आणलं नाही. चार पानं होती, जुजाच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांच्या, बरोबर मधला ताव. तुला माहीत आहे, दुमडलेल्या कागदांच्या पोटातला मधला ताव काढला तर मागे काही राहत नाही. ना फाटलेली कड, ना सुटा दोरा. चित्रं कडेपर्यंत असल्यानं पानांवर आकडेही नव्हते. आधीच्या पानावर होडी खडकाकडे वळलेली, नंतरच्या पानावर होडी शांत समुद्रात. मधलं मी काढलं. अंक खराब आला असं ग्रंथपालबाईंना सांगून तो वाचनकक्षात जाऊच दिला नाही आणि तुला उरलेलं शिवून दिलं. पुढचे दोन अंक काळ्या शिडांचेच निघाले आणि मग मासिकच बंद पडलं. देवानं सांभाळून घेतलं असं मी तेव्हा म्हणालो. देवालाही मी माझ्या कामाला जुंपलं.

तू वाचलंस, खंड मिटलास आणि म्हणालास, "जिंकलास. तुझेच मोठे."

मी हे बाबांसाठी केलं. त्यांना उचलायला दोन माणसं लागायची. एवढंच.

तुझा दादा


१७ जानेवारी, शनिवार

धाकट्या,

ते पत्र अजून टेबलाच्या खणात आहे. आज दुसरं लिहितो आहे.

मालिका परत आली आहे. नव्यानं छापलेला पूर्ण संच, चकचकीत. आता वाचनकक्षात शनिवारी दहा-पंधरा तरुण पोरंपोरी जमतात आणि कोणता गट वरचढ यावर वाद घालतात. भिंतीवर तक्ता लावलाय. जहाजं, शस्त्रं, कप्तान, एकजूट, प्रत्येकाला दहापैकी गुण. एकजुटीला गुण देतात. मी हसलो, तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हसताय काय, आज तुम्हीच पंच. जुने वाचक म्हणून मी तुमचं नाव सांगितलंय."

बसलो. हाताला खळ होती, ती तशीच.

चष्मेवाला एक मुलगा म्हणाला, "मिठाचे भाऊ एकजुटीत दहापैकी चार. खडकावर म्हाताऱ्याला सोडून आले. खेळ खल्लास."

त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "चार का? आधी दहा होते म्हणून राग आलाय तुला. काळ्या शिडांनी सोडलं असतं तर तू म्हणाला असतास, शहाणपणा केला."

"शपथ घेतली होती त्यांनी."

"म्हाताऱ्यानं पण घेतली होती. त्याची मोजतच नाही कुणी."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "काका, तुम्ही सांगा."

काका काय सांगणार. मी म्हणालो, "मी जो खंड वाचला त्यात ती पानं नव्हती." म्हणजे बघ, पन्नाशीला आलो, देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि पोरांसमोरही सरळ बोलता आलं नाही. ती मुलगी म्हणाली, "अरेरे, मग तर तुम्हाला काहीच कळलं नसेल." वाईट वाटून म्हणाली, टोमणा नव्हता.

दुरुस्तीच्या खोलीत येऊन बसलो. तीच खोली. पहिला छापील संच ग्रंथालयात आला तेव्हा मी तो सात महिने कपाटात दडवून ठेवला होता, वर चिठ्ठी "दुरुस्तीत". बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. तू खिडकीवर मागितलास, बाईंनी सांगितलं दुरुस्तीत आहे. तू सरळ आत आलास. कपाट उघडलंस. कोऱ्या पुस्तकांचा वास आला दोघांनाही.

"नव्या पुस्तकाला कसली दुरुस्ती, दादा?"

तू उभ्या उभ्या तो भाग वाचलास. मी टाके मोजत होतो. मग तू पुस्तक जागेवर ठेवलंस, त्याचा कणा ओळीत सरळ केलास, मी तुला शिकवलं होतं तसा. "सात वर्षं मी वजनकाट्यावर बसून दुसऱ्यांचे ट्रक तोलतोय," एवढं म्हणालास. आठ दिवसांनी तुझ्या खोल्या रिकाम्या.

तुला एक विचारायचं होतं. एक सज्ञान माणूस आपला बाप आणि आपली नोकरी चित्रांच्या पुस्तकावर टांगतो, तेव्हा त्याला कुणीतरी अडवावं असं वाटत नसतं का? तुला थांबायचं होतं. फक्त थांबल्याचा दोष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता. चाच्यांच्या नाहीतर माझ्या.

असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आलो. लिहून वाचलं की तितकं पटत नाही.


२० जानेवारी, मंगळवार

धाकट्या,

तुझ्या बायकोचा तुझ्या वहिनीला फोन आला होता. या दोघी गेली कित्येक वर्षं बोलतात हे मला आज कळलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, तर तुझी वहिनी म्हणते, "अहो, दोन घोडे पन्नाशीला टेकलेत आणि भांडण कशावरून, तर चाच्यांवरून. तुम्हाला सांगून काय करू, पंच नेमू?"

तुझ्या छातीचं ऑपरेशन झालं हेही मला आजच कळलं. उन्हाळ्यात. मी तेव्हा इथे कुणाची तरी जुनी नकाशांची वही शिवत असेन.

आणि तुझ्या पोरीचं, ठकीचं कळलं. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती चार वर्षांची होती, खळीत बोटं बुडवून चाटायची. आता दातांच्या कवळ्या बनवण्याचं शिक्षण घ्यायला समुद्रापलीकडे निवड झाली तिची, दोन वर्षं, राहण्याजेवणाची सोय त्यांची. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. आणि तू नाही म्हणतोस.

तुझी वहिनी तुझ्या बायकोचे शब्द जसेच्या तसे सांगते, तिला ती सवय आहे. तू पोरीला म्हणालास म्हणे, "माझ्या बापाला मी हवा होतो, म्हणून मी जहाजं सोडली. तुला माझ्यासाठी कवळ्या सोडवत नाहीत?"

पोरगी ताट उचलून आत गेली.

मी तुझ्या वहिनीला म्हणालो, बरोबर आहे त्याचं, आजारी माणूस आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या बाबांना खरंच तो इथे हवा होता?"

मी म्हणालो, "बापाला मुलगा नको असतो का?"

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली.

म्हणून तुला कळवतो की बाबांना तू


२३ जानेवारी, शुक्रवार

धाकट्या,

वरचं पत्र जिथे थांबलं तिथेच ठेवलं आहे. पुरं केलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि फाडलं असतं तर कागद काढून टाकायची माझी खोड गेली नाही असं झालं असतं.

पाटी आठवते? बाबांची वाचा गेल्यावर तूच बाजारातून आणली होतीस. डाव्या हातानं लिहायचे. "पाणी." "कूस." "खिडकी." एकदा डॉक्टरबद्दल "गाढव" लिहिलं होतं आणि डॉक्टर समोर बसले होते.

तुझं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी, तू कामावर होतास, त्यांनी मला खुणेनं बोलावलं. लिहायला खूप वेळ लागला. खडू दोनदा मोडला. "धाकट्याला अडवू नको." एवढंच. मग पाटी माझ्याकडे वळवली आणि मी वाचली की नाही ते बघत राहिले. मी म्हणालो, "बरं." त्यांनी मान हलवली, डोळे मिटले. मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. कडेच्या चौकटीत खडूची भुकटी बसते, ती नखानं काढली. तू संध्याकाळी आलास आणि त्याच पाटीवर त्यांनी "चहा" लिहिलं.

अंक आला तो त्यानंतर दोन दिवसांनी.

तेव्हा बाबांसाठी केलं हे पहिल्या पत्रात लिहिलेलं खोटं आहे. त्यांना उचलायला दोन माणसं लागायची हे खरं. पण शेजारचे गवंडीकाका रोज यायला तयार होते, त्यांनीच मला सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर ते असं. गावच्या शाळेतून निघालो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. मास्तरांनी मोठ्या शहरातल्या एका छापखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. तिथे चामड्याची बांधणी शिकवायचे, सोन्याच्या वर्खाची अक्षरं. मी बाबांना विचारलं. ते रंधा मारत होते. म्हणाले, "तू थोरला आहेस." रंधा थांबवलाही नाही. मी पुन्हा विचारलं नाही. ग्रंथालयात लागलो, पुठ्ठे चिकटवायला लागलो. तुला हे माहीत नाही, तू चौदाचा होतास, तुला काळ्या शिडांशिवाय काही दिसत नव्हतं.

माझ्या वेळी बाबांचा उजवा हात शाबूत होता, आणि तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कुठेही काही लिहिलं नाही. तुझ्यासाठी त्यांनी मेलेला हात सोडून जिवंत हात कामाला लावला. मी ती पाटी पुसली तेव्हा मला रागही आला नव्हता. गार वाटलं होतं. बांधलेला बैल, तू म्हणाला होतास. मला वाटलं, एकट्यानं का ओढायचं?

तू थांबलास तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्याचं त्यानं ठरवलं." त्यानंतर सहा वर्षं जगले, पण पाटी क्वचितच मागितली. तू विचारायचास, बाबांनी लिहिणं का सोडलं रे? मी म्हणायचो, थकले.

रोज सकाळी त्यांचंच पुस्तक वाचून मी क्षमा मागायचो. कशाबद्दल ते शब्दांत कधी मांडलं नाही, देवाला सगळं कळतं म्हणून. देवाला कळतंच. पण ज्याची क्षमा मागायची तो मी देव धरला, आणि तो सोयीचा होता, कारण तो उत्तर देत नाही.

तू मला चार पानांसाठी सोडलंस. आता हे वाचून काय करशील ते मला विचारवत नाही.


२८ जानेवारी, बुधवार

धाकट्या,

पुठ्ठा दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. जुनी खळ पाण्याला लवकर दाद देते. ताव अख्खा सुटला, फक्त एका कोपऱ्यावर प्रार्थनेच्या पुस्तकाच्या अस्तराचा निळा रंग उतरला आहे. टीपकागदात घालून दाबाखाली वाळवला.

बावीस वर्षांनी ती चार पानं पाहिली. पहिल्यावर होडी खडकापाशी, लाटा एवढ्या की वल्ही दिसत नाहीत. दुसऱ्यावर म्हातारा दोरवाला खडकावर, कमरेला होडीचा दोर. तिसऱ्यावर होडीतले एक्केचाळीस चेहरे, कुणी तोंड उघडत नाही. चौथ्यावर म्हातारा स्वतःच दोराची गाठ सोडतो. एकही शब्द नाही. फक्त दोन हात आणि सुटलेली गाठ.

ते चौथं पान मी तेव्हाही पाहिलं होतं. विसरलो होतो असं म्हणणार नाही. त्या शनिवारच्या मुलीनं म्हाताऱ्याची शपथ मोजा म्हटलं तेव्हाच ते पान डोळ्यांसमोर आलं होतं.

आपला वाद तूच जिंकलास. तोफांमुळे नाही. तुझ्या कप्तानाच्या जहाजावरून माणूस उतरू शकत होता, आणि माझ्या होडीतल्या एका म्हाताऱ्याला शेवटी तेच करावं लागलं, तेव्हा होडी वाचली. माझ्या गटात शहाणा तेवढा एकच होता, आणि मी त्यालाच पुठ्ठ्याखाली चिकटवला.

तुझा तो जुना खंड तू इथेच टाकून गेला होतास. मी त्याची शिवण उसवली, मधला ताव जुजात परत बसवला आणि पुन्हा शिवला. टाके तेच, भोकंही तीच. निळा कोपरा तेवढा राहील. प्रार्थनेच्या पुस्तकाला नवा पुठ्ठा घातला, आत कोरा कागद.

खंड तुला पाठवत नाही. ती पानं तू वाचली आहेस. आणि पाटीवरचे शब्द फक्त तुला कळवून माझं भागणार नव्हतं. ते तुझ्याच हाती दिले, तर तू त्याच जागी बसशील जिथे मी बसलो होतो, आजारी बाप आणि जायला निघालेलं माणूस यांच्या मधोमध, आणि निरोप माझ्या हातात होता. मी काय केलं ते तू वर वाचलंस. तूही माझाच भाऊ आहेस. आपल्या घरातल्या पुरुषांच्या हाती फडकं द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

तुझ्या वहिनीकडून ठकीच्या कामाच्या जागेचा पत्ता घेतला. तिला एका कागदावर लिहिलं: तुझ्या आजोबांनी तुझ्या वडिलांबद्दल डाव्या हातानं पाटीवर लिहिलं होतं, धाकट्याला अडवू नको. ते तुझ्या वडिलांना आजवर माहीत नाही, कारण मी ते पुसलं. खाली सही केली, थोरला काका. कागद खंडात घातला, त्या चार पानांपाशी.

तू चिडशील. माझ्या पोरीच्या आणि माझ्या मधे पडणारा तू कोण, म्हणशील. बरोबर म्हणशील.

तिचं पार्सल काल सकाळी पोस्टात दिलं. परवा तिच्या हाती पडेल. तुझी ही पत्रं आज टाकतो आहे, म्हणजे ती तुला एक दिवस उशिरा मिळतील.

दादा